लिलावाची सकाळ: गोव्याच्या रुआ दिरैताचे एक डच चित्र वाचताना

चित्राखालची ओळ आधीच ठरलेली होती: 'सोळाव्या शतकातील गोव्याची गजबजलेली बाजारपेठ'. सिंधुदुर्गात एका छोट्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. विषय होता डच लोक आणि कोकण. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार सगळ्यांनी पाहिलेली. ती डचांनी 1637 मध्ये, गोव्याची नाकेबंदी करताना आधार म्हणून सुरू केलेली. तिच्यापासून मागे जात जात शेवटच्या फलकावर हे चित्र लावायचे असे ठरले होते. माझ्याकडे काम आले ते शुद्धलेखन तपासण्याचे. त्या ओळीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी ती तशीच पुढे पाठवायला मन तयार होईना. 'गजबजलेली बाजारपेठ' म्हटले की माणूस चित्राकडे एकदा पाहतो, गर्दी आहे, छत्र्या आहेत, घोडा आहे असे म्हणतो आणि पुढच्या फलकाकडे जातो. या चित्रासमोरून असे पुढे जाता कामा नये, एवढेच तेव्हा वाटले होते. का, ते नीट सांगता यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांचा हा वृत्तांत.

हातात नेमके काय आहे

आधी कागद समजून घ्यायला हवा. हे चित्र यान हुयखन फान लिन्शोटेन या डच माणसाच्या 'इतिनेरारिओ' या प्रवासवर्णनाच्या पुस्तकातले. पुस्तक 1596 मध्ये आम्स्टरडॅमला कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने छापले. लिन्शोटेन हार्लेमचा, वाढला एंकहाउझेन या बंदराच्या गावी. सोळा-सतरा वर्षांचा असताना घर सोडून स्पेनला गेला, तिथून लिस्बनला, आणि सप्टेंबर 1583 मध्ये गोव्यात उतरला तेव्हा वय जेमतेम वीस. गोव्याचे आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्याकडे तो कारकुनी करत असे. 1587 मध्ये फोन्सेका पोर्तुगालला निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. 1588 च्या अखेरीस लिन्शोटेननेही गोवा सोडला. म्हणजे पाच वर्षे तो या शहरात राहिला, आणि तेही अशा कचेरीत की जिथून कागदपत्रे, माणसे आणि बातम्या रोज जात-येत असत.

चित्रावर मात्र त्याच्या एकट्याचा हात नाही. त्याने काढलेल्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरकाम केले ते डूटेकुम घराण्यातल्या कारागिरांनी. गोवा त्यांनी कधी पाहिला नव्हता. माडाचे झाड, चिऱ्याची भिंत, कमरेला पंचा गुंडाळलेला माणूस हे सारे त्यांच्यासाठी ऐकीव. त्यामुळे या चित्राला प्रश्न विचारताना दरवेळी दोन साक्षीदार आहेत हे ध्यानात ठेवावे लागते: एक पाच वर्षे त्या रस्त्यावरून चाललेला, दुसरा हॉलंडमध्ये खिडकीपाशी बसून कोरणारा.

प्रदर्शनासाठी आमच्याकडे जी प्रत आली ती रंगवलेली होती. लाल अंगरखे, हिरवी झाडे, माणसांच्या कातडीच्या निरनिराळ्या छटा. मूळ छपाई काळ्या शाईची. रंग भरले जात ते पुढे, एकेका प्रतीवर, हाताने, युरोपात. कोणी काय रंगाचे नेसले होते आणि कोणाची कातडी किती काळी होती, याची साक्ष त्या रंगांकडून घ्यायची नाही. मी पहिला आग्रह धरला तो काळी-पांढरी प्रत लावण्याचा. तो मान्य झाला. दिसायला फलक जरा फिका पडला, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

वरच्या ओळीतला शब्द

चित्राखाली डच आणि लॅटिन मजकूर आहे, युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी. पण चित्राच्या माथ्यावर एक ओळ पोर्तुगीजमध्ये आहे. तिचा अर्थ असा: गोवा शहराच्या रुआ दिरैतावर रोज सकाळी होणारा लैलांव. रुआ दिरैता म्हणजे सरळ रस्ता, शहराचा मुख्य रस्ता. डच कोरणाऱ्याने पोर्तुगीज ओळ स्वतःच्या मनाने घातली असेल हे संभवत नाही. माझ्या मते ती लिन्शोटेनच्या मूळ कागदावरून आलेली आहे, आणि म्हणून चित्राला दिलेले पहिले नाव तेच. त्या नावात 'बाजार' हा शब्दच नाही.

लैलांव. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि अंगावर काटा आला. आपला 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. बटाटा, पाव, साबण, चावी, पगार यांच्या बरोबरीने तो आपल्या तोंडी रुळला, इतका की बँकेच्या जप्तीच्या जाहिरातीत किंवा देवळातल्या नारळाच्या बोलीत तो ऐकताना परका वाटत नाही. हा शब्द कोकणपट्टीच्या कानावर पडला असेल अशा जागांमधली एक मोठी जागा या चित्रात समोर उभी आहे. डच वाचकाला हे चित्र दूरदेशीची नवलाई वाटले असेल. मराठी वाचकाला ते तसे वाटायचे कारण नाही, कारण त्या सकाळचा एक शब्द आपण रोज वापरतो.

मग चित्राशेजारी पुस्तकातला मजकूर ठेवून वाचायला घेतला. लिन्शोटेन लिहितो की रविवार आणि सणाचे दिवस सोडले तर हा लिलाव रोज भरतो, सकाळी 7 ला सुरू होतो आणि 9 पर्यंत चालतो. उन्हाच्या तापात नाही, दुपारी नाही. अँटवर्पच्या व्यापारी पेढीच्या चौकाशी तो त्याची तुलना करतो आणि लगेच फरकही सांगतो: इथे व्यापाऱ्यांबरोबर सरदार-उमरावही येतात, आणि माल असा सगळ्या तऱ्हेचा की जवळजवळ जत्राच. अरबी घोडे, मसाले, वाळवलेली औषधी द्रव्ये, सुगंधी डिंक, खंबायत, सिंध, बंगाल, चीन इथल्या उंची वस्तू. आज विकत घ्यायचे आणि उद्या तिथेच विकायचे यावर पोट भरणारी माणसे पाहून त्याला नवल वाटलेले दिसते.

याच मजकुरात दवंडीवाल्यांचे वर्णन येते. शहराने नेमलेले हे लोक लिलावाच्या वेळात अंगभर सोन्याच्या साखळ्या, जडजवाहीर, मोती, अंगठ्या लटकवून फिरत. हे वाचल्यावर मी थबकले. चित्रात दागिन्यांनी मढलेला माणूस दिसला की आपण सरळ समजतो, हा शेठ. इथे तो शेठ नाहीच. तो चालते दुकान आहे, अंगावरचा एकही मणी त्याचा नाही. चित्र वाचताना डोळे किती सहज फसतात ते मला या एका माणसाने शिकवले, आणि तेव्हापासून चित्रातल्या प्रत्येकाकडे 'याच्याजवळ आहे ते याचे आहे का' हा प्रश्न घेऊन पाहू लागले.

घरे, आणि माणसांमधली मोकळी जागा

चित्रात दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा आहेत आणि मधला रस्ता दूर निमुळता होत जातो. लिन्शोटेन मजकुरात सांगतो की गोव्याची घरे पोर्तुगीज धाटणीची, पण उष्णतेमुळे जरा बुटकी. चित्रातल्या घरांना मात्र हा बुटकेपणा लागलेला दिसत नाही. रस्ताही मोजपट्टी लावून आखल्यासारखा. घरांच्या बाबतीत मी मजकुराला झुकते माप दिले. घर कसे कोरायचे ते डूटेकुमच्या कारागिराला पाठ होते, आणि पाठ असलेली गोष्ट हात परस्पर करून टाकतो.

माणसांची गोष्ट वेगळी. इथे मला मदत झाली ती मालवणची. लहानपणापासून संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहिलेला आहे. होडी लागली, टोपल्या वाळूवर आल्या की बायका आणि व्यापारी त्यांच्याभोवती असे काही वाकतात की बाहेर उभ्या असलेल्याला फक्त पाठी दिसतात. आत कोण बोली लावतो आहे ते आवाजावरून कळते. सुरमई किती, कोणत्या हाताने उचलली, हे पाहायचे तर खांद्यांमधून वाट काढावी लागते. खरा लिलाव बाहेरून बंद असतो.

रुआ दिरैताच्या चित्रात तसे नाही. गटागटांमध्ये मोकळी जमीन आहे, आणि प्रत्येक गट पाहणाऱ्याला दिसेल असा उघडा ठेवला आहे. घोड्यावरचा पोर्तुगीज इथे, पालखी तिथे, छत्री धरलेला गुलाम, विक्रीला आणलेली माणसे, प्रत्येकाला आपापली जागा. त्याच पुस्तकात पालखीचे वेगळे मोठे चित्र आहे, घोड्यावरच्या पोर्तुगिजाचेही आहे. तेच नमुने लहान होऊन बाजाराच्या रस्त्यावर मांडलेले दिसतात. तेव्हा हा एखाद्या सकाळच्या एका क्षणाचा देखावा आहे असे मानणे सोडून द्यावे लागते. पाच वर्षांत त्या रस्त्यावर जे जे दिसले, त्याची ही यादी आहे, माणसांच्या रूपात रस्त्यावर ठेवलेली.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुण मित्राला हे पटेना. 'मग चित्र खोटे ठरले ना?' असे तो म्हणाला. मला तसे वाटत नाही. यादी खोटी नसते, तिच्यात फक्त वेळ नसतो. कोण कोणाबरोबर उभे होते, एका वेळी किती लोक होते, गर्दी किती दाट होती हे या चित्राला विचारू नये. रस्त्यावर कोणत्या प्रकारची माणसे होती आणि कोण कोणासाठी काय वाहून नेत होते हे मात्र जरूर विचारावे.

छत्रीखाली कोण, छत्री धरून कोण

या दुसऱ्या प्रश्नासाठी मी एक साधा उद्योग केला. चित्राची मोठी प्रत टेबलावर पसरली, वर पारदर्शक कागद ठेवला आणि ज्याच्या हातात, खांद्यावर किंवा डोक्यावर दुसऱ्याची वस्तू आहे अशा प्रत्येकावर पेन्सिलीने गोल काढत गेले. छत्री धरणारा, पालखीचे भोई, घोड्यामागून धावणारा नोकर, मूल सांभाळणारी दाई. अर्ध्या तासाने टेबलावर जे दिसले ते पाहून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. 'गजबज' म्हणून जी भासत होती तिच्यातला मोठा भाग या गोलांचा होता. ती गर्दी बाजाराला आलेल्यांची कमी आणि आणल्या गेलेल्यांची जास्त होती.

छत्रीबद्दल लिन्शोटेन स्वच्छ लिहितो. गोव्यातले पोर्तुगीज रस्त्याने अगदी सावकाश, ताठ्यात चालतात आणि ऊन-पावसापासून डोके झाकायला मागून गुलाम मोठी छत्री धरून येतो. गोव्यातल्या काही हिंदू वैद्यांनाही डोक्यावर छत्री धरवून फिरण्याची मुभा होती, हे तो मुद्दाम नोंदवतो, म्हणजे ती मुभा सगळ्यांना नव्हती. छत्री तेव्हा हुद्दा होती. चित्रात छत्रीच्या वर्तुळाखाली नेहमी एक डोके असते आणि वर्तुळाबाहेर, उन्हात, एक हात. कोरणाऱ्याने हे जाणून केले की सहज, याच्याने फरक पडत नाही. रचनाच ती होती.

आणि मग त्या लिलावाचा गाभा. दवंडीवाल्यांबरोबर विक्रीला गुलाम असत, पुरुष आणि बायका, तरुण आणि म्हातारे. आमच्याकडे गुरे विकतात तसे ते रोज विकले जातात, असे लिन्शोटेन लिहितो. त्याच मजकुरात पुढे आहे की गोव्यात संसार थाटलेल्या काही पोर्तुगिजांचे पोट गुलामांच्या कमाईवरच चालते. कोणाकडे 12, कोणाकडे 20, कोणाकडे 30. काही गुलाम गोडे पाणी आणून रस्त्यारस्त्याने विकतात. गुलाम बायका इथल्या फळांचे मुरंबे करतात, बारीक शिवणकाम-भरतकाम करतात, आणि मालक त्यांतल्या तरुण, देखण्या मुलींना नटवून तो माल विकायला बाहेर पाठवतात, म्हणजे गिऱ्हाईक मुलीकडे पाहून थांबेल. या मुली पुरुषांना नकार देत नाहीत, असेही तो लिहून जातो.

त्या वाक्यापाशी मी अडकून पडले. जिची विक्री होते तिने नकार दिला असता तर तो ऐकणारे कोण होते? लिन्शोटेन इथे जे सांगतो ते मालकाच्या ओसरीवर बसून ऐकलेले आहे. त्याची नजर तीक्ष्ण आहे, तपशील पक्के आहेत, हिशेबही तो बरोबर मांडतो. पण मुरंब्याची बरणी डोक्यावर घेऊन सकाळी सात वाजता त्या रस्त्यावर उतरणाऱ्या मुलीला काय वाटत होते ते त्याच्या वहीत शिरत नाही. चित्राखालच्या ओळीतही ते लिहिता येणार नव्हते. पण ती मुलगी 'बाजाराची शोभा' म्हणून फलकावर राहू नये, एवढे आपल्या हातात होते.

लिलावाच्या मालात आणखी एक गोष्ट होती, मेलेल्यांच्या वस्तू. माणूस वारला की त्याचे सगळे सामान इथे आणून शेवटच्या कवडीपर्यंत विकायचे, मग तो खुद्द व्हाइसरॉय का असेना. हेतू असा की विधवा आणि पोरक्या मुलांना त्यांचे पैसे चारचौघांसमोर, लबाडी न होता मिळावेत. मयतांच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेचे चर्च याच रस्त्याच्या टोकाला होते. आता ही दोन सत्ये एकाच दगडी रस्त्यावर शेजारी ठेवून पाहा. एका विधवेला न्याय मिळावा म्हणून उघडा लिलाव, आणि त्याच लिलावात दुसरीची विक्री. नवऱ्याच्या मालमत्तेत गुलाम असतील तर ही दोन्ही कामे एकाच बोलीत होत.

जागेवर

ओळ नव्याने लिहिण्याआधी मी जुन्या गोव्याला गेले, मुद्दाम सकाळी, साडेसहाला पोचेन अशी. आज तिथे जे पाहायला लोक येतात त्यातले फारसे काही लिन्शोटेनने पाहिलेले नाही. बॉम जेझस चर्चचे बांधकाम सुरू झाले 1594 मध्ये, तो गेल्यानंतर. से कॅथेड्रल 1562 ला सुरू झाले होते, पण त्याच्या काळात ते अर्धेच उभे होते. नदीकडून वर येताना लागणारी व्हाइसरॉयची कमान 1599 च्या सुमाराची. त्या कमानीतून निघून गांधीजींच्या पुतळ्याच्या चौकाकडे जाणारा रस्ता, तोच रुआ दिरैता. लिन्शोटेननंतर वीस वर्षांनी आलेला फ्रेंच प्रवासी पिरार या रस्त्याची लांबी दीड हजार पावलांहून जास्त सांगतो आणि दोन्ही बाजूंना जवाहिरे, सोनार, सराफ यांची दुकाने होती असे लिहितो.

सात वाजले तेव्हा माडांमधून तिरपे ऊन रस्त्यावर आले होते. एक पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत गेला. दुकाने नाहीत, घरे नाहीत, गटाराच्या कडेला थोडा चिरा उघडा पडलेला. साथीच्या रोगांनी शहर रिकामे होत गेले, 1759 मध्ये व्हाइसरॉयनेही मुक्काम पणजीकडे हलवला, आणि पडक्या घरांचे चिरे लोकांनी नेले. मी चित्राची प्रत हातात धरून कमानीकडे पाठ करून उभी राहिले. नऊपर्यंत थांबले. दोन तास फार नसतात. तेवढ्या वेळात रोज किती माणसांची किंमत ठरत असेल, याचा हिशेब मनात मांडू लागले आणि मग थांबवला.

फलकावर काय लिहिले

परत आल्यावर मी नवा मजकूर मांडला तेव्हा आयोजकांमध्ये दोन मते पडली. शाळेची मुले येणार, त्यांच्यासमोर माणसांची विक्री कशाला, असे एकांचे म्हणणे. ते वाईट हेतूने म्हणत नव्हते. मी एवढेच म्हटले की मुलांना चित्रातला घोडा दाखवणार असू तर घोड्यामागून धावणारा मुलगाही दाखवला पाहिजे, तो त्यांच्याच वयाचा असू शकतो. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी माझी बाजू घेतली. 'मुलांना कळतं हो, आपणच लपवतो,' असे त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी स्वतः बसून माझी वाक्ये लहान केली आणि मुरंबे विकणाऱ्या मुलींविषयीचा तपशील मोठ्यांच्या पुस्तिकेत हलवला. ते मला पटले.

शेवटी फलकावर गेलेला मजकूर असा:

'गोवा शहरात रुआ दिरैता या रस्त्यावर रोज सकाळी 7 ते 9 होणारा लिलाव. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाच्या चित्रावरून हॉलंडमधल्या कारागिरांनी कोरले, 1596 मध्ये छापले. घरे कोरणाऱ्यांनी कधी गोवा पाहिला नव्हता. या लिलावात घोडे, मसाले, दागिने, मेलेल्यांचे सामान आणि माणसे विकली जात. छत्री, पालखी, मूल वाहून नेणारी बहुतेक माणसे गुलाम आहेत. त्यांना चित्रात शोधा. मराठीतला लिलाव हा शब्द पोर्तुगीज लैलांव या शब्दावरून आला.'

फलक नेहमीपेक्षा हातभर खाली लावला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. शेजारी एक भिंग दोरीला बांधून ठेवले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी चित्राच्या काचेवर बोटांचे ठसे उमटलेले होते, सगळ्यात जास्त छत्र्यांच्या कडेला, जिथे हात सुरू होतो तिथे. पुसायला आलेल्या मुलाला मी म्हटले, 'राहू दे.'